पाणबुडीतले सुभेदार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शिरूर-दौंडकडच्या गावांत, इनामगाव असो की शेजारचं कुठलं, सुभेदार म्हणजे कोण हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. घोळ होतो तो नौदलाचा विषय निघाला की.

पहिला गैरसमज हुद्द्याचा. आपल्या पाणबुडीवर वॉरंट ऑफिसर असतो, असं सर्रास बोललं जातं. हा हुद्दा आपल्याकडे हवाई दलात आहे. नौदलात त्या पायरीवर मास्टर चीफ पेटी ऑफिसर असतो. त्यातला प्रथम श्रेणीचा सुभेदार मेजरच्या बरोबरीचा, द्वितीय श्रेणीचा सुभेदाराच्या. त्याला ‘अर्धा अधिकारी’ म्हणणं चूक आहे. तो खलाशी म्हणून भरती झालेला आणि एकेक पायरी चढत आलेला असतो.

दुसरा गैरसमज सिनेमाने पसरवला : पेरिस्कोपला डोळा लावलेला कप्तान पाणबुडी चालवतो, बाकीचे नुसते ‘येस सर’ म्हणायला. हुकूम कप्तानाचाच, यात वाद नाही. पण १९७१च्या युद्धात अरबी समुद्रात गस्त घालणारी ‘करंज’ घ्या. तिचे कप्तान होते कमांडर विजयसिंह शेखावत, जे पुढे नौदलप्रमुख झाले. रशियन बनावटीची ही फॉक्सट्रॉट वर्गातली पाणबुडी सुमारे ९१ मीटर लांब. टॉर्पेडोच्या नळ्या पुढे सहा, मागे चार. टॉर्पेडो सुटला की पाणबुडीचा तोल ढळतो. नळीत शिरलेलं आणि टाक्यांतलं पाणी यांचा हिशेब झटपट जुळला नाही, तर तिचं नाक वर येतं आणि शत्रूला ठावठिकाणा कळतो. हा हिशेब हाताच्या सवयीने जमतो, आणि ती सवय मुरलेल्या चीफ मंडळींकडे असते. बॅटऱ्यांचंही तसंच. त्या चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. तो साठला आणि ठिणगी पडली, की शत्रूची गरजच नाही.

जर्मनांनी तर दुसऱ्या महायुद्धात अशा मुरलेल्या माणसांचं महत्त्व उघडच मान्य केलं होतं. त्यांच्या यू-बोटींवर पहाऱ्याच्या दोन पाळ्या अधिकाऱ्यांच्या, तिसरी ‘ओबरश्टॉयरमान’ची. हा वॉरंट ऑफिसरच्या तोडीचा माणूस नकाशाही सांभाळायचा.

अशी माणसं घडायला समुद्रच लागतो, हेही खरं नाही. नौदलाच्या इंजिनिअरिंगचं शिक्षण देणारं ‘आयएनएस शिवाजी’ १९४५पासून आपल्याच जिल्ह्यात, लोणावळ्याच्या डोंगरात आहे.

आणखी एक समज : युद्धात पाणबुडीवर डॉक्टर असणारच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन पाणबुड्यांवर तो नसायचा. सप्टेंबर १९४२मध्ये दक्षिण चीन समुद्रात ‘सीड्रॅगन’वर एका खलाशाचं अपेंडिक्स दुखू लागलं. औषधपेटी सांभाळणारा व्हीलर लाइप्स तेवीस वर्षांचा, हुद्द्याने चीफच्याही खालचा, आणि शस्त्रक्रिया त्याने कधी केलेली नव्हती. अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावर रोगी निजवला. जखम उघडी धरायला वाकवलेले चमचे, ईथर द्यायला चहाची गाळणी, निर्जंतुक करायला टॉर्पेडोतलं अल्कोहोल. रोगी वाचला. लाइप्सला नौदलाने पदक दिलं, पण ते २००५ साली.