छत्री आणि तिचा दांडा

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आज विम्यावर बोलणार, म्हणून मागच्या रांगेतले काही जण गालात हसताहेत, ते आम्हाला दिसतंय. पण कारण आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं तिकडे अमेरिकेत आहेत, आणि पहिलं घर भाड्याने देऊन दुसऱ्या घरात राहायला जाणं ही त्यांच्यात आता नेहमीची गोष्ट झाली आहे. आमच्या पुतण्यानेही न्यू जर्सीत तेच केलं. तीन हिवाळ्यांपूर्वी त्याच्या भाडेकरूंकडे आलेल्या एक पाहुण्या बाई मागच्या जिन्यावरून पडल्या, खुबा मोडला. पुतण्याचा फोन आला, "काका, मी तर तिथे नव्हतोच! माझा काय दोष?"

प्रश्न आमच्याच विषयातला होता.

जुना इंग्रजी कायदा त्याच्या बाजूने बोलला असता. घर भाड्याने दिलं की ताबा भाडेकरूचा, म्हणून धोकाही त्याचा, अपवाद मोजके. १९७३ साली न्यू हॅम्पशायर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला आला. भाड्याच्या घराच्या बाहेरच्या जिन्यावरून पडून चार वर्षांची मुलगी दगावली होती. जिना फार उभा, कठडा अपुरा. न्यायालयाने मालकाचं ते जुनं कवच काढून टाकलं आणि म्हटलं, इतरांप्रमाणे मालकानेही परिस्थितीनुसार वाजवी काळजी घेतलीच पाहिजे. हा नियम सगळीकडे एकसारखा नाही. तिथे राज्य बदललं की कायदा बदलतो.

आता दोन मालक डोळ्यांसमोर आणा. दोघांच्या जिन्याचा कठडा सारखाच ढिला. एकाकडे कुणी पडत नाही, दुसऱ्याकडे पडतं. हयगय तेवढीच, पण भुर्दंड एकालाच. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी १९७६ मध्ये 'नैतिक दैव' म्हणून हाच पेच मांडला. वर्गात आम्ही तो खुशाल शिकवत होतो. घरचाच पोरगा त्यात सापडला तेव्हा घशाला कोरड पडली. विमा हा पेच सोडवत नाही. दोष ज्याचा त्याचाच राहतो, दैवाचा फटका तेवढा अनेकांत वाटला जातो.

तर ही 'अंब्रेला पॉलिसी'. नाव छत्रीचं, पण ती एकटी उघडत नाही. खाली भाड्याच्या घराची मूळ पॉलिसी लागते, आणि तिच्यातलं दायित्वाचं संरक्षण किमान अमुक रकमेचं हवं अशी अट असते. समजा अट ३ लाख डॉलरची आणि छत्री १० लाखांची. भरपाई ९ लाख ठरली, तर पहिले ३ लाख मूळ पॉलिसी देते, वरचे ६ लाख छत्री. आपलं छप्पर उडालं, भिंत पडली, तर छत्रीचा उपयोग नाही. ती दुसऱ्याला झालेल्या इजेसाठी किंवा नुकसानीसाठी. आणि भाडेकरूला हुसकायला मालकाने मुद्दाम काही केलं तर तीही मिळणार नाही, हे योग्यच आहे.

पुतण्याकडे छत्री होती बरं का! पण हप्त्यात थोडी बचत म्हणून त्याने मूळ पॉलिसीतली मर्यादा ३ लाखांवरून १ लाखावर आणली होती. छत्रीची अट वाचली नव्हती. तडजोड २ लाख २० हजारांवर झाली. मूळ पॉलिसीने १ लाख दिले. छत्री ३ लाखांच्या वर उघडणार, म्हणजे तिने काहीच दिलं नाही. मधले १ लाख २० हजार डॉलर त्याच्या खिशातून गेले. मुलीच्या कॉलेजसाठी साठवलेले होते.

आणखी एक. बरेच जण कुणीतरी सांगितलं म्हणून घर 'एलएलसी' नावाच्या कंपनीच्या नावावर करतात. छत्री मात्र स्वतःच्या नावावर. मग दावा कंपनीवर आला की वैयक्तिक छत्री सहसा तिला लागू होत नाही. घर कुणाच्या नावावर आणि पॉलिसीत नाव कुणाचं, हे आज रात्री फोनवर मुलांना विचाराच.

त्या बाई आता काठी घेऊन चालतात. पुतण्या त्यांना भेटून आला, वकील नको म्हणत असताना. जिन्याला नवा कठडा बसवलाय, दोन्ही बाजूंनी.

चला, आता प्रश्न घेऊ.