कचरा डेपोचे खत आणि ताटातली पालेभाजी

गोठ्यातली जनावरे कमी झाली, शेणखत महाग झाले. अशा वेळी डेपोवरचा कुजून काळा झालेला कचरा ट्रॉलीभर आणून वाफ्यात पसरण्याचा मोह होतो. पालक-मेथी त्यावर जोमाने येतेही. दिंडोरीसारख्या द्राक्ष-टोमॅटोच्या तालुक्यात खताची भूक मोठी, म्हणून हा विषय आपल्या जवळचा आहे.

पूर्वीच्या उकिरड्यात शेण, राख, पाचोळा आणि खरकटे याखेरीज फारसे काही नसे. ते सारे कुजून मातीला मिळे. आजच्या कचऱ्यात टॉर्चचे सेल, ट्यूबलाइट, रंगाचे डबे, वायरी, फुटक्या बॅटऱ्या असतात. त्यांतून शिसे, कॅडमियम, पारा, निकेल असे जड धातू सुटतात. भाजीचा देठ कुजतो, धातू कुजत नाही. कचरा पेटवला तर धातूचा काही भाग धुराबरोबर शेजारच्या रानावर बसतो. पावसाळ्यात ढिगातून पाझरणारे काळे पाणी तो नाल्याकडे, विहिरीकडे नेते.

पिकांत कॅडमियम सहज शिरते. शिसे बरेचसे मुळाशीच अडते, परंतु धूळ होऊन पानांना चिकटते. सर्वांत जास्त धोका पालेभाज्यांना, नंतर मुळा, गाजर, बीट यांना. टोमॅटो-द्राक्षांसारख्या फळांत हे धातू त्या मानाने कमी उतरतात. आपली काळी, चुनखडीची जमीन ही एक जमेची बाजू, कारण अशा जमिनीत हे धातू मातीच्या कणांना धरून राहतात. आम्ल जमिनीत ते लवकर सुटतात. मात्र धरून राहिले म्हणजे गेले असे नव्हे. दरवर्षीच्या ट्रॉलीने साठा वाढतच जातो.

शरीरात गेलेले कॅडमियम मूत्रपिंडात साठते आणि निम्मे बाहेर पडायलाही १० ते ३० वर्षे लागतात. जपानमध्ये जिंझू नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या खाणीतून ते भातशेतीत आले. मूत्रपिंडे बिघडली, हाडे ठिसूळ झाली. रोगी बहुतेक प्रौढ स्त्रिया होत्या. ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, असे त्या रोगाचे नावच पडले. जपान सरकारने त्याचे कारण १९६८ मध्ये मान्य केले. आपल्याकडे तसे झाले आहे असे मुळीच नाही. पण धातू किती संथपणे काम करतो, ते यावरून कळावे.

शिशाचा फटका लहान मुलांच्या मेंदूला बसतो. मोठ्यांपेक्षा मुलांचे आतडे शिसे कितीतरी अधिक शोषते आणि अंगात लोह कमी असेल तर आणखी. कॅडमियमचेही तसेच. रक्त कमी असलेल्या बाईला आपण पालेभाजी खायला सांगतो, आणि नेमकी तिलाच दूषित भाजी जास्त बाधते! म्हणून पालेभाजी सोडू नये. ती कोठे पिकली ते विचारावे.

भाजी शिजवल्याने धातू जात नाहीत. वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुतल्यास धुळीबरोबरचे शिसे बरेच कमी होते. मुळा-गाजराची साल काढावी. पानात शोषलेले कॅडमियम मात्र धुण्याने निघत नाही.

शेतकऱ्यांनी न निवडलेल्या कचऱ्याचे खत घेऊच नये. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टच्या एका किलोत शिसे १०० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. विक्रेत्याकडे तपासणीचा दाखला मागावा. नेहमीच्या मृद आरोग्य पत्रिकेतील १२ बाबींत जस्त, तांबे आहेत, पण शिसे आणि कॅडमियम नाहीत. त्यांची तपासणी प्रयोगशाळेला वेगळी सांगावी लागते. डेपोला लागून रान असेल तर तिथे भाजीऐवजी फुले बरी. जानोरी-मोहाडीकडे गुलाब काही नवा नाही.

मुलांना डेपोजवळ खेळू देऊ नये. मूल माती खात असेल तर रागावण्यापेक्षा त्याचे हिमोग्लोबिन तपासावे, आणि लोहाचे औषध डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस पुरते द्यावे.