सरोवरांकडून दऱ्यांकडे : उत्तर इंग्लंडमधील तीन दिवस

इंग्लंडला जाऊन आलेल्या आपल्याकडील पर्यटकांच्या छायाचित्रसंग्रहात लंडनचा टॉवर ब्रिज, राजवाड्यासमोरील पहारेकरी आणि फार तर स्टोनहेंजच्या शिळा हमखास आढळतात. उत्तरेकडील सरोवरांचा प्रदेश, म्हणजे लेक डिस्ट्रिक्ट, आणि त्याला पूर्वेकडून खेटून असलेल्या यॉर्कशरच्या दऱ्या, म्हणजे यॉर्कशर डेल्स, यांच्या वाट्याला मात्र स्कॉटलंडकडे धावणाऱ्या बसच्या खिडकीतून टाकलेला एखादा कटाक्षच येतो. वास्तविक मँचेस्टरहून मोटारीने दीड-दोन तासांत विंडरमिअरचा काठ गाठता येतो आणि जाणत्या मार्गदर्शकासोबत तीन दिवसांत या दोन्ही प्रदेशांची तोंडओळख उत्तम प्रकारे होते.

एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. येथील सौंदर्य निसर्गाने दिले हे खरे; परंतु आज ते जसे दिसते तसे ते कोणीतरी राखले म्हणून दिसते. २०१७ साली युनेस्कोने लेक डिस्ट्रिक्टला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला, तो रम्य निसर्गासाठी नव्हे, तर माणूस आणि निसर्ग यांनी मिळून घडविलेले सांस्कृतिक भूदृश्य म्हणून. डोंगर मेंढ्यांनी चरून मोकळे ठेवले आहेत, उतारांवरील गडगे शेतकऱ्यांनी रचले आहेत आणि पाणवठ्यांचे काठ वकील, लेखक व धर्मोपदेशकांनी लढून वाचविले आहेत.

पहिला दिवस विंडरमिअरचा. सुमारे १७ किलोमीटर लांबीचे हे इंग्लंडमधील सर्वांत मोठे नैसर्गिक सरोवर. 'मिअर' या शब्दाचा अर्थच तळे असा असल्याने 'लेक विंडरमिअर' म्हणणे हे पिवळे पितांबर म्हणण्यासारखे आहे, असे मार्गदर्शक हटकून सांगतो. येथील मोठ्या जलाशयांपैकी नावात 'लेक' हा शब्द मिरविणारे एकटे बॅसनथ्वेट. बाकीची सारी 'मिअर' अथवा 'वॉटर'. बोनेस येथील धक्क्यावरून निघालेली बोट उत्तरेकडील अँबलसाइडला पोहोचेपर्यंत दोन्ही काठांवरील ओकची झाडी, व्हिक्टोरियन हवेल्या आणि त्यांच्यामागे चढत गेलेले डोंगर हा देखावा उलगडत राहतो.

सरोवराच्या पश्चिमेस नीअर सॉरी नावाचे इवलेसे खेडे आहे. तेथील हिल टॉप हे शेतघर बिअट्रिक्स पॉटर या लेखिकेने १९०५ मध्ये विकत घेतले. तिच्या पीटर ससुल्याच्या गोष्टी इंग्रजी माध्यमातील आपली नातवंडे आजही वाचतात. मात्र बाईंची खरी थोरवी त्या पुस्तकांच्या मानधनाचे त्यांनी काय केले यात आहे. एकेक करून त्यांनी डोंगरातील शेते विकत घेतली. १९३० मध्ये कॉनिस्टनजवळची सुमारे ४,००० एकरांची मालमत्ता तुकड्यातुकड्यांनी विकली जाण्याचा धोका दिसताच ती घेऊन टाकली आणि निम्मी जमीन नॅशनल ट्रस्ट या संस्थेला खरेदीच्याच किमतीत दिली. १९४३ मध्ये त्या निवर्तल्या तेव्हा मृत्युपत्रान्वये ४,००० एकरांहून अधिक जमीन व १४ शेते ट्रस्टच्या स्वाधीन झाली. येथे शेती चालूच राहावी आणि डोंगरावर हर्डविक जातीच्याच मेंढ्या चराव्यात, ही त्यांची इच्छा होती.

या हर्डविक मेंढ्यांविषयी थोडे विस्ताराने सांगितलेच पाहिजे. जन्मतः काळेभोर असलेले कोकरू वयाबरोबर राखाडी होत जाते आणि तोंड मात्र पांढरेशुभ्र होते. उंच डोंगरावर कुंपण नसते, तरीही कळप आपली हद्द सोडून जात नाही. कारण आपल्या चराईची सीमा कोणती, हे कोकरू आईच्या मागे हिंडता हिंडता शिकते आणि पुढे आपल्या कोकरांना शिकविते. असा कळप बाजारातून नवा आणता येत नाही. म्हणूनच अनेक शेतांवर कळप शेताबरोबरच खंडाने दिला जातो आणि कूळ शेत सोडताना ठरलेल्या संख्येने मेंढ्या परत करते. मुद्दल शाबूत ठेवून उत्पन्न घ्यावयाचे, ही रीत आपल्या व्यवसायातील मंडळींना नव्याने समजावून द्यावयास नको. २००१ मध्ये लाळ्या-खुरकुताच्या साथीत मेंढ्यांची सरसकट कत्तल झाली, तेव्हा या भागाच्या पोटात गोळा आला तो एवढ्यासाठीच : कळपासोबत त्याची स्मृतीही गेली असती. मेंढ्या मोजण्याचे जुने आकडेही ऐकण्यासारखे आहेत : यान, टान, टेथेरा, मेथेरा, पिंप. यातील 'पिंप' म्हणजे पाच. वेल्श भाषेतील त्याचा भाऊबंद आणि आपला संस्कृत 'पञ्च' एकाच प्राचीन मुळातून आले आहेत.

संध्याकाळी ग्रासमिअर. विल्यम वर्डस्वर्थ यांनी १७९९ ते १८०८ ही वर्षे येथील डव्ह कॉटेजमध्ये काढली. घर पाहून आश्चर्य वाटते. खोल्या लहान, काळोख्या आणि थंड. पुढे रायडल माउंट या प्रशस्त घरी राहावयास गेल्यावर या निसर्गकवीने वेस्टमोरलंड परगण्याच्या मुद्रांक वितरकाची सरकारी नोकरी पत्करली होती, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असेल? मुद्रांकांचा हिशेब आणि महाकाव्य एकाच मेजावर नांदले. गावातील सेंट ऑसवाल्ड चर्चच्या आवारात त्यांची साधीशी कबर आहे. शेजारीच १८५४ पासून चालत आलेले जिंजरब्रेडचे दुकान आहे आणि तेथील आल्याचा वास कबरीपर्यंत येतो.

दुसऱ्या दिवशी उत्तरेकडे निघाले की डाव्या हातास थर्लमिअर लागते. शांत, गर्द झाडीने वेढलेले हे पाणी पाहून ते धरण आहे असे वाटतही नाही. मँचेस्टर शहराने १८७९ मध्ये कायदा करून घेऊन हे सरोवर ताब्यात घेतले, पातळी वाढविली, काठावरची वस्ती पाण्याखाली गेली आणि १८९४ पासून सुमारे १५४ किलोमीटरचा प्रवास करून येथील पाणी केवळ उताराच्या बळावर, पंपाशिवाय, शहरात जाऊ लागले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसावर ज्याच्या गिरण्या तगल्या, तेच हे मँचेस्टर. स्थानिकांचा विरोध त्या वेळी अपयशी ठरला. पण त्या लढ्यात पोळलेले धर्मोपदेशक हार्डविक रॉन्सली यांनी ऑक्टाव्हिया हिल आणि रॉबर्ट हंटर यांच्यासह १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्टची स्थापना केली. पूर्वेकडील हॉजवॉटर येथे १९३० च्या दशकात मार्डेल हे आखे गाव बुडाले. कडक उन्हाळ्यात पाणी आटले की तेथील भिंती उघड्या पडतात. उजनीच्या जलाशयातून वर येणारे पळसदेवचे मंदिर ज्यांनी पाहिले असेल, त्यांना ते दृश्य वेगळे सांगावयास नको.

केसविकजवळ कॅसलरिगचे पाषाणवर्तुळ आहे. सुमारे ५,००० वर्षांपूर्वी उभारलेल्या चाळीसेक शिळा आणि चहूबाजूंनी डोंगर. शिवाय तिकीट नाही. स्टोनहेंजची गर्दी अनुभवलेल्यास हे स्थळ अधिक भावेल, असे माझे प्रामाणिक मत आहे. जवळच्या बॉरोडेल खोऱ्यातील सीथ्वेट येथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपल्या महाबळेश्वरपुढे हा आकडा थिटा खरा. परंतु महाबळेश्वर तो चार महिन्यांत उरकते, येथे तो बारा महिने पुरवून पुरवून पडतो. छत्रीपेक्षा डोक्यावर टोपी असलेला रेनकोट बरा. वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही.

दुपारी अल्सवॉटर. १५ एप्रिल १८०२ रोजी याच काठावर वर्डस्वर्थ भावंडांनी वाऱ्यावर डोलणारी डॅफोडिल्स पाहिली. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केलेल्या त्या कवितेत कवी एकटाच भटकतो. प्रत्यक्षात सोबत बहीण डोरोथी होती आणि त्या फुलांचे वर्णन प्रथम तिनेच आपल्या रोजनिशीत करून ठेवले होते. या सरोवरावरही मँचेस्टरची दृष्टी वळली होती. ८ फेब्रुवारी १९६२ रोजी नामांकित कायदेपंडित लॉर्ड बर्केट यांनी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये त्याविरुद्ध भाषण केले, मतदान त्यांच्या बाजूने झाले आणि दोनच दिवसांनी त्यांचे निधन झाले. काठावरील एका डोंगरास त्यांचे नाव दिले आहे. पुढे येथून पाणी घेतले गेले, पण कडक अटींवर. पंपघर जमिनीखाली दडविले आहे. १९ व्या शतकातील बोटी आजही येथे प्रवाशांची ने-आण करतात.

तिसऱ्या दिवशी सेडबर्गमार्गे पूर्वेकडे वळताच भूमीचा पोत बदलतो. कातळ आता चुनखडीचा आहे, पाणी जमिनीत मुरते, तळी संपतात आणि रुंद, हिरव्या दऱ्या सुरू होतात. नजर पोहोचेल तेथवर गडगे. कोकणातील गडग्याप्रमाणेच यांतही चुना-सिमेंट नाही. दोन बाजूंनी निमुळत्या होत जाणाऱ्या रांगा, मध्ये बारीक दगडांचा भराव आणि अधूनमधून आरपार बसविलेला लांब दगड. डेल्समधील गडग्यांची एकूण लांबी ८,००० किलोमीटरच्या घरात जाते. मधूनमधून दिसणाऱ्या दगडी कोठारांत खाली गुरे व माळ्यावर वाळलेले गवत, अशी व्यवस्था असे.

हॉज या बाजारपेठेच्या गावी वेन्स्लीडेल चीज तयार होते. बाराव्या शतकात फ्रान्समधून आलेल्या सिस्टर्शियन साधूंची ही विद्या. १८९७ पासून येथे चालत आलेला कारखाना १९९२ मध्ये तत्कालीन मालक कंपनीने बंद केला आणि उत्पादन शेजारच्या लँकेशरला हलविले. यॉर्कशरच्या माणसाला याहून मोठा अपमान नाही. अखेर चार माजी व्यवस्थापकांनी एका स्थानिक व्यावसायिकासह तो विकत घेतला आणि जुन्या कामगारांच्या हातांनी सहा महिन्यांच्या आत पुन्हा सुरू केला. चीज भुरभुरीत, किंचित आंबट आणि मधाची आठवण करून देणारे असते. शाकाहारी मंडळींनी रेनेट कोणते वापरले आहे, ते वेष्टनावर पाहून घ्यावे.

आता थोडे व्यवहाराचे. शेन्जेन व्हिसा येथे चालत नाही. ब्रिटनचा व्हिसा स्वतंत्रपणे काढावा लागतो. घरी कपाटात जुने कागदी पौंड असतील, तर ते खर्चास उपयोगी पडणार नाहीत : २० व ५० पौंडांच्या कागदी नोटांचे चलन ३० सप्टेंबर २०२२ नंतर संपले. बँक ऑफ इंग्लंड मात्र त्यांची दर्शनी किंमत आजही देते. डॅफोडिल्ससाठी मार्चअखेर ते एप्रिल, मोठ्या दिवसांसाठी जून उत्तम. तेव्हा रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो. शक्य तर मुक्काम गावातील शेतघरात करावा. बाहेरच्यांनी सुट्टीसाठी घरे घेऊन ठेवल्यामुळे येथील तरुणांना गावात घर परवडेनासे झाले आहे. मेंढ्या कमी करून झाडे वाढवावीत की नाही, यावरही कडाक्याचे वाद चालू आहेत. यजमानास विचारून पाहावे; चहा थंड होईल, पण विषय संपणार नाही.

सहलीचा शेवटचा टप्पा रेल्वेचा ठेवावा. सेटल ते कार्लाइल हा सुमारे ११६ किलोमीटरचा लोहमार्ग १८६९ ते १८७६ या काळात हजारो मजुरांनी बांधला. अपघातांत आणि देवीच्या साथीत कित्येक दगावले. अनेकांना चॅपल-ले-डेलच्या छोट्या चर्चच्या आवारात मूठमाती मिळाली. १९८० च्या दशकात दुरुस्ती परवडत नाही म्हणून हा मार्ग बंद करण्याचे घाटत होते. हजारो नागरिकांनी हरकती नोंदविल्या. त्यांत एका कुत्र्याच्या पंजाचा ठसाही होता आणि त्याचे भाडे रीतसर भरले जात असल्यामुळे तोही ग्राह्य धरण्यात आला. १९८९ मध्ये मार्ग वाचला. 'रसप' नावाच्या त्या कुत्र्याचा पुतळा गार्सडेल स्थानकाच्या फलाटावर आहे. तेथूनच दक्षिणेकडे जाणारी गाडी धरावी. डेंट स्थानकानंतर ब्लीआ मूरचा बोगदा लागतो आणि त्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात गाडी रिबलहेडच्या २४ कमानींवरून संथपणे जाऊ लागते. रिबलहेडला उतरावे. गाड्या विरळ असल्यामुळे बस तेथे आधीच बोलावून ठेवलेली बरी. पायवाटेने खाली गेले की ३२ मीटर उंचीच्या त्या कमानी आकाशात उभ्या दिसतात. त्यांच्या पायथ्याशी मजुरांच्या वस्तीच्या खुणा आहेत आणि त्यांवर मेंढ्या चरत असतात.