अर्धे वळण

काही शब्द कोशात जन्मतात आणि कोशातच म्हातारे होतात. ‘हेमिट्रोप’ हा त्यांतलाच. अर्थ : जुळा स्फटिक. एवढे सांगून कोशकार पुढच्या शब्दाकडे जातो. मला मात्र अशा शब्दाच्या पोटात डोकावल्याशिवाय राहवत नाही.

‘हेमी’ म्हणजे अर्धे. आपल्या संस्कृतातल्या ‘सामि’चा हा ग्रीक भाऊबंद, लॅटिनमधला ‘सेमी’ही त्याच घरातला. ‘ट्रोप’ म्हणजे वळणे. स्फटिकशास्त्राचा पाया घालणाऱ्या आयुई (१७४३–१८२२) या फ्रेंच धर्मगुरूने हा शब्द रूढ केला. मनातल्या मनात एक स्फटिक मधोमध कापा. एक अर्ध जागच्या जागी ठेवा, दुसरे त्याच कापावर १८० अंशांत फिरवून पुन्हा चिकटवा. झाला हेमिट्रोप!

निसर्गात अर्थातच कोणी कापत नाही की चिकटवत नाही. स्फटिक वाढत असताना अणूंचा एखादा थर उलट्या क्रमाने बसतो आणि पुढची सारी वाढ तशीच होत जाते. जोडावरचा थर दोन्ही अर्धांचा सामाईक. म्हणून ‘जुळे’ म्हणताना दोन भावंडे डोळ्यांसमोर आणू नयेत. त्या शब्दात ‘जुळणे’ ऐकू येते, तेच इथे खरे.

याच वस्तूसाठी रोमे द लील या आयुईच्या पूर्वसूरीने १७८३च्या ग्रंथात ‘माक्ल’ हा शब्द वापरला होता. मुळात लॅटिन ‘माकुला’, म्हणजे डाग किंवा जाळ्याचे भोक. व्याख्या म्हणून अगदीच कुचकामी! पण जगला तोच. इंग्रजीत ‘मॅकल’ होऊन तो हिऱ्यांच्या बाजारात शिरला, आणि कच्च्या मालाची प्रतवारी करणारे चपट्या, तिकोनी जुळ्या हिऱ्याला आजही मॅकल म्हणतात. विद्वानाचा रेखीव शब्द मागे पडला, बाजाराचा ओबडधोबड शब्द टिकला, याचे मला नवल वाटत नाही. मॅकल ओळखला नाही तर पैसे बुडतात.

हिरा हिऱ्याच्याच भुकटीने घासतात. ते जमते, कारण हिरा सर्व दिशांना सारखा कठीण नसतो. सुरतेचा कारागीर फिरत्या ‘घंटी’वर खडा धरतो तो ही मऊ दिशा शोधून. मॅकलमध्ये जोडरेषा ओलांडली की दिशाच बदलते. अलीकडे सरसर घासला जाणारा पैलू पलीकडे हट्टाला पेटतो. फोडायला जावे तर चीर सरळ न जाता जोडापाशी अडखळते.

शिवाय खडा चपटा. त्यातून गोल हिरा काढायचा तर निम्म्याहून अधिक ऐवज भुकटीत जायचा. म्हणून मॅकलचे बहुधा त्रिकोण करतात, नाहीतर पत्त्यांतले बदाम. प्रेमाची खूण म्हणून दिल्या जाणाऱ्या त्या बदामांतले काही या अर्ध्या वळणातूनच आलेले असतात. घेणाऱ्याला दुकानात हे कोणी सांगत नाही.