गोवा कशाने सुटला?

बांदा मागे पडलं की पत्रादेवीचा नाका येतो. गोव्यात शिरणाऱ्यांची इथे घाई असते, त्यामुळे नाक्याजवळचं हुतात्मा स्मारक बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. १५ ऑगस्ट १९५५ रोजी याच सीमेवरून सत्याग्रही तिरंगा घेऊन पोर्तुगीज हद्दीत शिरले आणि समोरून गोळ्या सुटल्या. मध्य प्रदेशातल्या सागरच्या सहोद्राबाई राय झेंडा घेऊन पुढे होत्या. त्या जखमी झाल्या, तेव्हा पंजाबातल्या इसरू गावचे तरुण शिक्षक कर्नैलसिंग झेंड्यासाठी धावले आणि गोळी लागून तिथेच पडले. त्या दिवशी गोव्याच्या वेगवेगळ्या सीमांवर वीसहून अधिक निःशस्त्र माणसं मारली गेली.

गोवा त्या दिवशी मुक्त झाला नाही. त्याला आणखी सहा वर्षं लागली, आणि शेवटी भारतीय लष्कर आत गेलं. म्हणून दर १९ डिसेंबरला, गोव्याच्या मुक्तिदिनी, एक वाद नव्याने रंगतो. एक बाजू म्हणते, सत्याग्रहाने काय मिळालं? बंदुकीनेच काम झालं ना? दुसरी बाजू सगळं श्रेय सत्याग्रहाला देते आणि भूमिगत क्रांतिकारकांना तळटीपेत ढकलते. मला दोन्ही बाजूंचा राग येतो, कारण दोघंही त्याच माणसांना अर्धंमुर्धं आठवतात. मार्ग शांततेचा की शस्त्राचा, एवढ्यावरच निकाल ठरत नाही. समोरची सत्ता कशाच्या आधारावर उभी आहे आणि तुमच्या कृतीने त्यातला कोणता टेकू निघतो, हे पाहावं लागतं. गोव्याच्या लढ्यात हे जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल.

गैरसमज : सत्याग्रह हा सौम्य, कमी जोखमीचा मार्ग होता.

हे म्हणणाऱ्याने १९४६ चा गोवा डोळ्यांपुढे आणावा. सभा घ्यायची तर परवानगी. छापायचं तर आधी सेन्सॉर. लग्नपत्रिकासुद्धा त्यातून सुटत नसे. समाजवादी नेते डॉ. राममनोहर लोहिया खरं तर विश्रांतीसाठी असोळण्याला आपले मित्र डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी आले होते. लोकांची ही घुसमट त्यांनी पाहिली आणि दोघांनी मडगावात जाहीर सभा घ्यायचं ठरवलं. १८ जून, ऐन पावसाळा. टॅक्सी मिळेना, म्हणून दोघे घोडागाडीने सभेला पोहोचले. अधिकारी कॅप्टन मिरांडा याने पिस्तूल रोखलं. लोहियांनी त्याचा हात धरून त्याला बाजूला सारलं आणि बोलायला सुरुवात केली. दोघांना अटक झाली. भाषण म्हणावं तर पुरतं झालंही नाही. पण परवानगीवाचून चारचौघांत तोंड उघडता येतं, हे लोकांनी त्या दिवशी पाहिलं. त्या जागेला आज लोहिया मैदान म्हणतात.

त्यानंतर गोवेकरांनी जी किंमत मोजली ती सौम्य खचितच नव्हती. चळवळीचे नेते टी. बी. कुन्हा यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला भरून त्यांना आठ वर्षांची शिक्षा झाली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडण्यात आलं. पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांनाही हद्दपारी भोगावी लागली. ६ एप्रिल १९५५ रोजी म्हापशात नॅशनल काँग्रेस गोवाच्या अधिवेशनाचं अध्यक्षपद सुधाताई जोशी यांनी स्वीकारलं, ते तुरुंगात जाण्याच्या तयारीनेच. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्याहून निघालेल्या तुकडीत सेनापती बापट होते आणि नानासाहेब गोरे होते. नानासाहेबांना दहा वर्षांची शिक्षा झाली, पाठोपाठ गेलेल्या मधू लिमयांना बारा. दोघं १९५७ मध्ये सुटले, पण शिक्षा ऐकताना ते कोणाला ठाऊक होतं? झेंडा हाती धरून हद्द ओलांडणं, यापलीकडे त्यांचा गुन्हा नव्हता.

या नावांकडे पाहिलं की ‘आंदोलन बाहेरच्यांनी लादलं’ हा आक्षेपही गळून पडतो. कुन्हा, मिनेझिस, काकोडकर, सुधाताई ही सगळी गोव्याचीच माणसं. १९५४ च्या १५ ऑगस्टला तर भारत सरकारने बिगरगोमंतकीयांना सीमेवरच अडवलं होतं. तरीही आल्फ्रेड आफोन्सो यांची तुकडी तेरेखोलच्या किल्ल्यात शिरली आणि तिथे तिरंगा चढला. हिंदूंचा लढा, ख्रिस्ती मात्र पोर्तुगिजांचे, असली विभागणी करणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

गैरसमज : पोर्तुगालच्या सालाझारसारख्या हुकूमशहापुढे सत्याग्रह वाया गेला.

यात अर्धं खरं आहे, म्हणून तो चिवट आहे. ब्रिटिशांचं राज्य चालत होतं ते हिंदी कारकून, हिंदी पोलीस, हिंदी करदाते यांच्या जिवावर. त्यांनी हात आखडला की गाडा रुतत असे. शिवाय लंडनमध्ये संसद होती, विरोधी पक्ष होता, टीका छापणारी वर्तमानपत्रं होती. लिस्बनमध्ये यातलं काहीच नव्हतं. वर्तमानपत्रं सेन्सॉरच्या मुठीत, विरोधक गुप्त पोलिसांच्या. पत्रादेवीची बातमी वाचून आपल्या सरकारला जाब विचारील असा मोकळा वाचक पोर्तुगालमध्ये उरलाच नव्हता. त्यात १९५१ मध्ये सालाझारने घटनेत फेरफार करून ‘वसाहत’ हा शब्द काढला आणि गोव्याला पोर्तुगालचा ‘सागरापारचा प्रांत’ ठरवलं. म्हणजे वाटाघाटी कशाच्या करायच्या? त्याच्या लेखी प्रश्नच शिल्लक नव्हता. पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य, त्यामुळे बड्या राष्ट्रांकडूनही त्याला फारसं टोचलं जात नव्हतं.

सालाझारचं मन वळवणं हा हेतू धरला तर सत्याग्रह फसला, हे मान्य करायलाच हवं. पण सत्याग्रहाचा घाव दुसरीकडे बसला. ‘गोवेकर सुखाने पोर्तुगीज आहेत’ हा जगापुढचा दावा होता, आणि तुरुंगात गेलेला प्रत्येक गोमंतकीय त्या दाव्याविरुद्धचा साक्षीदार होता. त्याहून मोठा परिणाम दिल्लीवर झाला. तोवर नेहरूंचं सरकार गोव्याचा प्रश्न सबुरीने सोडवू पाहत होतं. १५ ऑगस्ट १९५५ च्या गोळीबारानंतर मुंबईत लोक रस्त्यावर उतरले, भारताने पोर्तुगालशी राजनैतिक संबंध तोडले, आर्थिक कोंडी आवळली. गोवा आता केवळ गोवेकरांचं दुखणं राहिलं नाही. ही सत्याग्रहाची कमाई. तिचा हिशेब मांडायचा तो लिस्बनच्या खात्यावर नाही, दिल्लीच्या.

पुढचंही प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्याच दिल्लीने लगोलग सामुदायिक सत्याग्रह थांबवला. एवढी माणसं पडल्यावर सीमेवरची वाटच बंद झाली, आणि अनेक सत्याग्रह्यांना ते गोळीपेक्षा जास्त लागलं. आर्थिक कोंडीनेही व्हायचं ते झालं नाही. त्याच काळात गोव्याच्या लोहखनिजाला जपान आणि पश्चिम जर्मनीतून मागणी वाढली आणि पोर्तुगीज सरकारच्या तिजोरीला हातभार लागला. झळ लागली ती मुंबईतल्या नातलगांच्या मनिऑर्डरीवर जगणाऱ्या घरांना.

गैरसमज : मग गोवा खऱ्या अर्थाने शस्त्र घेतलेल्यांनीच सोडवला.

१९४७ मध्ये उभ्या राहिलेल्या आझाद गोमंतक दलाने, विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी आणि त्यांच्या साथीदारांनी जिवावर उदार होऊन काम केलं. पोलीस ठाण्यांवर हल्ले केले, शस्त्रं पळवली. मूळचे सांगलीचे मोहन रानडे सावईवेऱ्याला मराठी शाळेत शिकवत. दिवसा मुलांना बाराखडी, रात्री भूमिगत काम. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात ते गोळ्या लागून पकडले गेले. बाळा मापारींना त्याच वर्षी कोठडीत मरण आलं. या माणसांच्या धैर्याबद्दल एक शब्दही कमी बोलू नये. पण त्या हल्ल्यांनी पोर्तुगीज सत्ता डळमळली, असं घडलं नाही. प्रत्येक हल्ल्यानंतर आसपासच्या गावांवर झडत्या आणि मारझोड आली, जी माणसं मुळात हल्ल्यात नव्हती त्यांच्या वाट्यालासुद्धा.

इथे हमखास दादरा आणि नगर हवेली या दमणजवळच्या पोर्तुगीज मुलखाचं उदाहरण पुढे येतं, आणि ते नीट पाहण्याजोगं आहे. २२ जुलै १९५४ ला दादरा मुक्त झालं, २ ऑगस्टला नगर हवेलीतलं सिल्वासा. युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स, आझाद गोमंतक दल, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक असे वेगवेगळे गट त्यात होते. संगीतकार सुधीर फडके स्वतः उतरले होते. मोजकी माणसं, मोजकी हत्यारं आणि तरी यश. हेच गोव्यात का जमलं नाही?

नकाशा उघडून बघा. दादरा आणि नगर हवेलीला समुद्र नाही. चहूकडून भारताचा मुलूख. दमणहून कुमक पाठवायची तर भारताच्या हद्दीतून पाठवावी लागणार, आणि भारताने पोर्तुगीज सैन्याला ती वाट नाकारली. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की खासगी व्यक्ती, नागरी अधिकारी आणि माल यांच्या वाहतुकीचा हक्क पोर्तुगालला होता, पण सशस्त्र सैनिक, पोलीस आणि दारूगोळा नेण्याचा नव्हता. आणि भारताने काही वावगं केलं नाही. म्हणजे सिल्वासाचा निकाल ज्याने लावला तो होता बंद केलेला रस्ता. एकही गोळी न झाडता दिलेला नकार हे तिथलं सर्वांत धारदार हत्यार ठरलं. गोव्याला मुरगावचं बंदर होतं, आणि तिथे असा रस्ता बंद करणं कोणा स्वयंसेवकाच्या हाती नव्हतं.

शस्त्र आणि सत्याग्रह यांच्या मधल्या जागेतही लोक उभे होते. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून सीमेलगतच्या जंगलातून गुप्त नभोवाणी चालवली. पावसाळे आले, जळवा आल्या, सहा वर्षं गेली, तरी आवाज बंद पडू दिला नाही. ज्या प्रदेशात लग्नपत्रिकासुद्धा तपासली जाई तिथे घरबसल्या कोकणीतून खऱ्या बातम्या ऐकू येणं ही केवढी गोष्ट असेल! १९ डिसेंबर १९६१ ला हेच दोघं विमानात बसले आणि ध्वनिक्षेपकावरून गोव्यावर मुक्तीची वार्ता सांगत फिरले.

गैरसमज : शेवटी लष्कर गेलं, म्हणजे हिंसक आंदोलन जिंकलं.

इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. सार्वभौम देशाचं सैन्य आणि लोकांनी हाती घेतलेली बंदूक यांना एका मापाने मोजता येत नाही. ऑपरेशन विजय, म्हणजे डिसेंबर १९६१ ची लष्करी कारवाई, सुमारे ३६ तासांत आटोपलं, कारण एका बाजूला तिन्ही सेनादलं होती आणि दुसऱ्या बाजूला साडेतीन-चार हजारांची शिबंदी. असं बळ जगातल्या फार थोड्या आंदोलनांच्या पाठीशी उभं राहतं. आणि गवर्नर जनरल वासालो ई सिल्वा याने लिस्बनची आज्ञा पाळली असती तर? शेवटच्या माणसापर्यंत लढा, सैनिक एक तर विजयी नाही तर मृत दिसले पाहिजेत, असा सालाझारचा हुकूम होता. वासालोने काही पूल उडवले, पण पणजी आणि माणसं जाळायला नकार दिला आणि शरणागती पत्करली. भारताचे २२ जवान कामी आले. तो आकडा किती मोठा होऊ शकला असता, हे त्या एका नकारावर ठरलं. मायदेशी त्याची लष्करातून हकालपट्टी झाली.

सैन्य आत जाऊ शकलं त्यामागेही पंधरा वर्षांची मशागत होती. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने वसाहतवाद संपवण्याचा ठराव केला आणि गोव्याची गणना स्वयंशासन नसलेल्या प्रदेशांत केली. सालाझारचा ‘प्रांत’ जगाने नाकारला. वर्षभराने सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धचा ठराव आला तेव्हा सोव्हिएत रशियाने नकाराधिकार वापरला.

अशा वादात हल्ली एका अभ्यासाचा दाखला दिला जातो. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी १९०० ते २००६ मधल्या ३२३ मोठ्या लढ्यांची छाननी केली. अहिंसक लढे सुमारे ५३ टक्के वेळा यशस्वी झाले, सशस्त्र २६ टक्के. मला हा आकडा मोलाचा वाटतो, पण त्यामागचं कारण अधिक मोलाचं वाटतं. शांततेच्या लढ्यात म्हातारी माणसं, बायाबापड्या, दुकानदार सामील होऊ शकतात. गर्दी वाढली की सत्तेचेच नोकर आणि शिपाई बिचकू लागतात. गोव्यात गोळी झाडणारा शिपाई लिस्बनचा हुकूम मानत होता, त्याची भाकरी गोवेकरांच्या हातात नव्हती. म्हणून सहा लाखांच्या प्रदेशातला इतका शूर सत्याग्रह तिथे त्याला हलवू शकला नाही.

पोर्तुगालने भारताचं गोव्यावरचं सार्वभौमत्व मान्य केलं ते १९७४ च्या अखेरीस, आफ्रिकेतली युद्धं लढून थकलेल्या त्याच्याच सैनिकांनी एप्रिलमध्ये बंदुकीच्या नळीत फुलं खोचून राजवट उलथवल्यावर.

तोवर गोव्याचे दोन कैदी लिस्बनजवळच्या काशियासच्या तुरुंगात खितपत पडून परतले होते. चौकीवर चालून गेलेल्या मोहन रानड्यांना २६ वर्षांची शिक्षा होती. टेलो मास्कारेन्हस हे कवी आणि पत्रकार, त्यांचं हत्यार लेखणी. त्यांना २४ वर्षांची. गोवा मुक्त होऊन सात वर्षं उलटल्यावर, जानेवारी १९६९ मध्ये रानडे बाहेर आले. मास्कारेन्हस १९७० मध्ये.