सवय कुणाला होते?

क्रॉस कंट्रीचा सराव सुरू झाला की एमआय रूमसमोरची रांग लांबते. कुणाची टाच बुटाने सोललेली, कुणाच्या फोडात पू झालेला. त्या रांगेत उभ्या असलेल्या नववीच्या एका कॅडेटने मला विचारले, "सर, मागे घसा दुखत होता तेव्हा नुसते अमॉक्सिसिलिन दिले होते. आता टाचेसाठी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह लिहिले आहे. माझ्या शरीराला पहिल्या गोळीची सवय झाली का?"

प्रश्न चांगला होता, पण उत्तर रांगेत उभ्या उभ्या देण्याजोगे नव्हते. म्हणून ते इथे लिहितो आहे.

शरीराला सवय होत नाही. जे घडते ते जिवाणूंमध्ये. जिवाणूच्या पेशीभोवती एक भक्कम भित्तिका असते. शर्करेच्या लांब साखळ्या आणि त्यांना एकमेकींशी बांधणारे छोटे आडवे दुवे, अशी तिची बाजेसारखी वीण असते. हे दुवे बांधण्याचे काम काही विकरे, म्हणजे एन्झाइम, करतात. पेनिसिलिनचा रेणू दिसायला नेमका त्या दुव्याच्या टोकासारखा असतो. विकर फसते, त्याला पकडते आणि मग सुटू शकत नाही. भिंतीचे काम थांबते, कमकुवत झालेल्या पेशीत पाणी शिरते आणि ती फुटते. आपल्या पेशींना अशी भित्तिकाच नसल्यामुळे हे औषध आपल्या वाटेला जात नाही.

पेनिसिलिनची सारी ताकद चार अणूंच्या एका छोट्या कड्यात आहे. तीन कार्बन आणि एक नायट्रोजन. याला बीटा-लॅक्टम म्हणतात. कडे ताणलेले असल्यामुळे चटकन उघडते आणि उघडताना विकराला चिकटते. अमॉक्सिसिलिनमध्येही हेच कडे असते. काही जिवाणूंकडे याच कड्यावर उलटणारे दुसरे विकर असते, बीटा-लॅक्टमेज. तेही औषधाला क्षणभर चिकटते, पण पाण्याचा एक रेणू वापरून लगेच मोकळे होते आणि पुढच्या रेणूकडे वळते. एक चपळ बीटा-लॅक्टमेज सेकंदाला शेकडो रेणू निकामी करते. रचना पाहता यातली बरीचशी विकरे भिंत बांधणाऱ्या विकरांच्याच कुळातली आहेत. म्हणजे गवंड्याचाच भाऊबंद!

हे विकर औषधामुळे जन्माला आले, असे मात्र समजू नका. ऑक्सफर्डच्या एब्रॅहम आणि चेन यांनी पेनिसिलिन तोडणाऱ्या विकराची नोंद 1940 मध्येच प्रसिद्ध केली. त्यांच्या गटाने रुग्णावर पेनिसिलिनचा उपचार सुरू केला तो 1941 च्या फेब्रुवारीत! निसर्गात बुरशी फार पूर्वीपासून अशी द्रव्ये बनवत आली आहे, आणि जिवाणू त्यांना तोंड देत आले आहेत. औषध एवढेच करते, की विकर नसलेले जिवाणू मारते आणि विकर असलेल्यांना मोकळे रान देते. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिनने असंख्य जखमी सैनिक वाचवले. पण 1948 पर्यंत लंडनच्या एका रुग्णालयात स्टॅफिलोकॉकस जिवाणूंचे निम्म्याहून अधिक नमुने त्याला दाद देईनासे झाले होते.

आता त्या कॅडेटची टाच. घशाला बाधणारा स्ट्रेप्टोकॉकस बीटा-लॅक्टमेज बनवत नाही, त्याला साधे अमॉक्सिसिलिन पुरते. त्वचेवरच्या फोडात बहुधा स्टॅफिलोकॉकस असतो, आणि आज त्यातले बहुतेक हे विकर बनवतात. म्हणून सोबत क्लॅव्ह, म्हणजे क्लॅव्ह्युलानिक आम्ल. ते स्वतः जिवाणूला फारसे मारत नाही. बीटा-लॅक्टमेज त्याला धरायला जाते आणि अडकून बसते. तेवढ्यात अमॉक्सिसिलिन आपले काम उरकते. एकाने कव्हरिंग फायर द्यायचा आणि दुसऱ्याने पुढे सरकायचे, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

पण हाही डाव सगळीकडे चालत नाही. 2008 मध्ये स्वीडनमध्ये एका रुग्णाच्या तपासणीत एनडीएम-1 हे विकर सापडले. रुग्णावर आधी नवी दिल्लीत उपचार झाले होते, म्हणून नावात दिल्ली आली आणि आपल्याकडे त्यावरून बराच वाद झाला. मला नावापेक्षा कामाची काळजी अधिक वाटते. हे विकर जस्ताच्या साहाय्याने कडे तोडते, क्लॅव्ह्युलानिक आम्लाला जुमानत नाही, आणि गंभीर रुग्णांसाठी राखून ठेवलेली कार्बापेनेम औषधेही निकामी करते. त्याचे जनुक प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या वर्तुळावर असते. एक जिवाणू त्याची प्रत दुसऱ्याला देतो, अगदी दुसऱ्या जातीच्या जिवाणूलासुद्धा.

इथे पालकांशी थोडे बोलायचे आहे. सुट्टीवरून परतणाऱ्या मुलाच्या ट्रंकेत "असू दे जवळ" म्हणून प्रतिजैविकाची पट्टी ठेवली जाते. ती बहुतेक वेळा सर्दीत संपते. सर्दी विषाणूंमुळे होते आणि विषाणूला पेशीभित्तिकाच नसते. गोळी मारते ते आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंना. त्यांच्यात जे विकरवाले असतात ते उरतात, वाढतात आणि आपले जनुक उद्या एखाद्या घातक जिवाणूला देऊ शकतात. एकाच डॉर्मिटरीत झोपणाऱ्या आणि एकाच मेसमध्ये जेवणाऱ्या मुलांमध्ये असे जिवाणू एका जागी थांबत नाहीत. ज्या पट्टीवर उभी लाल रेघ आहे, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नसते. किती दिवस घ्यायची, तेही त्यांनीच ठरवायचे. काही आजारांत आता पूर्वीपेक्षा कमी दिवस देतात.

त्या कॅडेटच्या लॉकरमध्ये घशाच्या वेळच्या चार गोळ्या उरल्या होत्या. त्या त्याने एमआय रूममध्ये नेऊन दिल्या. दहा दिवसांनी तो पुन्हा धावायला आला, या वेळी दोन मोजे घालून.