आयव्हीएफ: भीती भलत्याच ठिकाणी

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली ती ६ ऑगस्ट १९८६ रोजी. त्यानंतर तालुक्याच्या गावीही आयव्हीएफ सेंटरच्या पाट्या लागल्या, पण ‘अशी मुलं नाजूक निघतात’ ही शंका काही जात नाही. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी, इंग्लंडची लुईस ब्राऊन, १९७८ची. तिला २००६ मध्ये मुलगा झाला, तोही कुठल्याही उपचाराविना. यातली बहुसंख्य मुलं चारचौघांसारखीच वाढतात. जन्मजात व्यंगाचं प्रमाण किंचित जास्त आढळतं हे खरं, पण त्यात आईवडिलांच्या वयाचा आणि मूल न होण्यामागच्या मूळ कारणाचाही वाटा असतो. शुक्राणू फारच कमी असण्याचं कारण वाय गुणसूत्रात असेल, तर इक्सीने (शुक्राणू थेट अंड्यात टोचून) झालेल्या मुलग्यात तोच दोष उतरू शकतो. त्याची तपासणी आधीच करता येते.

धोका आहे, पण तो जिथे आपण पेढे वाटतो तिथे! ‘जुळी झाली तर बरंच, एका खर्चात दोन.’ हे वाक्य ऐकलं नाही असा वंध्यत्वतज्ज्ञ सापडायचा नाही. जुळी बाळं बऱ्याचदा दिवस भरण्याआधीच येतात, वजनाला कमी भरतात, त्यांना एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ठेवावं लागतं. आईचा रक्तदाब वाढणं, बाळंतपणात जास्त रक्त जाणं, हेही जुळ्यांत अधिक. वाचलेल्या खर्चाचा हिशेब मग एनआयसीयूच्या बिलावर कळतो. ट्रान्सफरला गर्भाशयात एकच चांगला गर्भ सोडावा आणि उरलेले गोठवून ठेवावेत, हा सल्ला म्हणजे डॉक्टरांचा चिकूपणा नव्हे.

‘एवढी अंडी काढली तर साठा संपेल, पाळी लवकर जाईल.’ तसं होत नाही. दर महिन्याला अंडाशयात अनेक अंडी वाढू लागतात, एक पिकतं आणि बाकीची आपोआप विरून जातात. आयव्हीएफची इंजेक्शनं वाचवतात ती ही विरून जाणारी. मात्र अंडाशय या औषधांना जरुरीपेक्षा जास्त प्रतिसाद देऊ शकतो. तरुण किंवा पीसीओएस असलेल्या स्त्रियांनी इथे विशेष सावध राहावं. पोट फुगलं, एका दिवसात वजन वाढलं, लघवी कमी झाली, धाप लागली, तर उद्याची वाट न पाहता डॉक्टरांना गाठायचं. आता औषधांच्या बदललेल्या पद्धतींमुळे आणि सगळे गर्भ गोठवून पुढच्या महिन्यात सोडल्यामुळे हा त्रास पुष्कळ कमी झाला आहे.

ट्रान्सफरनंतर सुनेला पंधरा दिवस पलंगावरून उतरू न देण्याचा काही उपयोग नाही. उठल्याने गर्भ पडत नाही.

वयाबाबत मात्र लोक फारच निर्धास्त. चाळिशीनंतर स्वतःच्या अंड्यांवर यश झपाट्याने घसरतं, तिथे प्रयोगशाळाही हतबल असते. जाहिरातीतले टक्के वाचताना ते चाचणी पॉझिटिव्ह आल्याचे की मूल घरी आल्याचे, हे विचारावं. या दोहोंत गर्भपातांचा हिशेब दडलेला असतो. ‘मुलगाच निवडून देतात’ असंही कुजबुजतात. गर्भाची जनुकीय तपासणी होते ती आनुवंशिक आजारांसाठी. लिंगनिवड हा गुन्हा आहे.

‘अंडं देणं म्हणजे रक्तदानासारखंच’ हा गैरसमज सर्वांत सोयीचा, कारण धोका दुसरीचा असतो. तिला दहा-बारा दिवस पोटात सुया घ्याव्या लागतात, मग भूल देऊन अंडी काढतात. २०१० मध्ये मुंबईत अंडी दिल्यानंतर एका १७ वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०२१च्या कायद्याने दात्या स्त्रीचं वय २३ ते ३५ ठरवलं. आयुष्यात एकदाच दान, जास्तीत जास्त सात अंडी, आणि तिचा विमा जोडप्याने काढायचा. सात तयार होतील की पंधरा हे आधी सांगता येत नाही, ही डॉक्टरांची तक्रार खोटी नाही. पण बीजांची विक्री कायद्याने बंद असताना कुणी अनोळखी बाई एवढ्या सुया का टोचून घेते, हा प्रश्न जोडपी सहसा विचारत नाहीत. निदान तिच्या विम्याचा कागद तरी पाहायला मागावा.